साळ्याच्या पिस्तुलाची मूठ

कोणी भावकीशी भांडते, कोणी शेजाऱ्याशी. माझा साळा जन्मभर फक्त धक्क्याशी भांडत आला. पोलिसांची हत्यारं दुरुस्त करण्यात त्याची सारी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावर लायसनचं एक पिस्तूल घेऊन तो आपल्या गावी, नागऱ्याला, घरी बसला. बसला कसला, त्या पिस्तुलाच्याच मागे लागला. गोळी सुटली की पिस्तूल हाताला लाथ मारते आणि नळीचं तोंड वर उडते, हे त्याला कोणी तोंडावर शिवी द्यावी तसं लागायचं. आज स्प्रिंग बदल, उद्या तोंडाशी वजन लाव, परवा मूठ तास. मग नेमबाजीच्या मैदानावर जाऊन पाहायचं, की लाथ किती कमी झाली.

घरातही तेच. दाराला रबर, बाजेच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे. माझ्या गावी, कुडव्याला, येताना खड्डा दिसला की गाडीवर उभा राहायचा. हात स्थिर व्हावा म्हणून भरलेला तांब्या समोर धरून तासभर अंगणात उभा. शेजारीण म्हणाली, "काऊन जी, भर दुपारी सूर्याले पाणी देऊन राहिले का?" हा म्हणाला, "नाही बाई, हाताले शिकवून राहिलो." वाईट बातमीसुद्धा तो एकदम सांगत नसे. त्याचा मामा वारला तेव्हा आमच्याकडे आल्याआल्या म्हणाला, मामाले ताप आहे. चहा झाल्यावर म्हणाला, ताप जास्त आहे. पान खाऊन झालं तेव्हा म्हणाला, माती उद्या सकाळी.

पण हात स्थिर होता तो माझ्या बायकोचा, म्हणजे त्याच्या बहिणीचा. चिखलात उभी राहून दिवसभर धानाचा रोवणा करायची आणि संध्याकाळी काठोकाठ चहा आणायची, थेंब सांडत नसे. एक दिवस साळा तळ्याची माती मळून घेऊन आला. "बाई, पिस्तूल धरल्यासारखी दाब." ती म्हणाली, "मले कोणाले मारायचं आहे रे?" पण दाबली. त्या ठशावरून त्याने सागाची मूठ कोरली, बोट न् बोट. तिच्या मधल्या बोटाला विळ्याची जुनी खोक होती, त्या जागी लाकडात बारीक उंचवटासुद्धा आला. बहीण-भावाचा पंजा सारखा, त्याला ती मूठ बरोबर बसली. पिस्तूल लाथ मारायचं थांबलं. मी म्हणालो, धक्का मेला म्हण. तो म्हणाला, "भाऊजी, धक्का मरत नाही जी. तो दुसऱ्याच्या आंगावर जाते."

दोन वर्षांमागे ती गेली. तिरडी उचलली तेव्हा हा खांदेकऱ्यांच्या पुढे उलटा चालत होता. "पाय एकसंग टाका रे, बाईले धक्का लागून राहिला." लोक तोंड फिरवून हसले. मला हसू आलं नाही.

तेव्हापासून पिस्तूल बिघडलं. स्प्रिंग तीच, वजन तेच, मूठ तीच, आणि लाथ पहिल्यापेक्षा जोरात. वर्षभर खोलून पाहिलं त्याने, काही सापडेना. मागच्या महिन्यात पिस्तूल आणि कानस घेऊन माझ्या ओट्यावर आला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पार्ट सारे तेच आहेत, भाऊजी. झेलणारं कोणी राहिलं नाही. आता मूठ घासतो, बाईचा ठसा काढून सपाट करतो."

तिच्या हाताचं एवढंच मागे राहिलं होतं. तिचा एक फोटो आहे, तोही लग्नातला, त्यात हात पदराखाली. मी म्हणालो, "कानस ठेव खाली. आधी मले धरू दे."

त्याने पिस्तूल रिकामं केलं, दोनदा पाहिलं, दिलं. मी बोटं खाचांत घातली. माझी बोटं जाड, बसेनात. मग हळूहळू बसली. मधल्या बोटाखाली त्या खोकेचा उंचवटा लागला. चाळीस वर्षं संसार केला, पण असा हात तिचा मी कधी धरला नव्हता. लाकूड ऊन होतं. ओट्यावर तर सावली होती.

"हे तुह्या हातानं ऊन झालं काय?" मी विचारलं.

"मी थैलीत आणलं जी," तो म्हणाला.

दोन स्क्रू काढून त्याने मूठ माझ्या हातात ठेवली. पिस्तुलाला कंपनीची जुनी काळी मूठ लावली, जी लावायला लाज वाटते म्हणायचा. परवा आला तर मनगटाला फडकं बांधलेलं. मी म्हटलं, "लय लाथ मारून राहिलं का रे?"

"मारू द्या," तो म्हणाला. "कोणाच्या तरी आंगावर जाणारच."

मूठ देवळीत ठेवली आहे. सकाळी उठलो की धरतो. गार असते. एखाद दिवशी नसते.