एका किकमध्ये

नाशिकच्या भंगारबाजारातून आणलेली जुनी बुलेट मी दोन वर्षं रविवार घालवून चालू केली आणि निफाडच्या एका द्राक्षवाल्याला विकली. आता हा तिच्यावरून मिरवणार, या विचारानेच माझा जळफळाट होत होता. म्हणून क्लचखालची छोटी कळ दाबून मीटरचा काटा मधोमध आणायचा आणि मगच किक मारायची, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही. मारू दे म्हटलं किका! तो घामाघूम झाला.

तेव्हा त्याची बायको म्हणाली, "सरा बरं बाजूला. आमच्या अण्णांची व्हती अशीच."

तिने कळ दाबली, काटा पाहिला आणि एका किकमध्ये गाडी चालू केली.

मला मात्र, कळ दाबूनसुद्धा, त्या गाडीने चार किकांखाली कधी दाद दिली नव्हती.