राणीच्या पानात बदक

इथे जर्मनीत लेकीच्या शाळेत मध्ययुगाचा उत्सव होता. सरांनी भिंतीवर भलामोठा तक्ता लावला होता. सगळ्यात वर देव, मग देवदूत, राजा-राणी, बिशप, सरदार, शेतकरी, त्याखाली गुरं, झाडं आणि तळाला दगड. तेव्हाच्या ख्रिश्चनांची श्रद्धा अशी, की ही उतरंड देवानेच रचली आणि ज्याने त्याने आपल्या पायरीवर राहायचं. जेवणही पायरीप्रमाणेच. आम्ही चिठ्ठ्या उचलल्या. मी शेतकरीण आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई चक्क राणी!

"बघ, देवालाही कळतं," म्हणत त्यांनी पुठ्ठ्याचा मुकुट चढवला. अस्सा राग आला मला!

मग राणीपुढे ताटं आली. बदक, डुक्कर, हरीण. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. त्यात जेवण साडेबाराला म्हणून त्यांनी बाराला इन्सुलिन टोचून घेतलेलं, आणि साखर उतरली तर चघळायच्या ग्लुकोजच्या गोळ्या नेमक्या घरी. शेतकऱ्यांच्या बाकावर मात्र वाटाण्याचं सूप आणि पाव. शुद्ध शाकाहारी!

त्यांची जागा बदलून मागायला मी बिशप झालेल्या सरांकडे धावले. "आल्झो," त्यांनी जर्मनमधल्या 'तर मग'ने गंभीरपणे सुरुवात केली, "देवाने दिलेली जागा बदलता येत नाही." त्यांना वाटलं, मीही नाटकच करतेय. तिकडे सासूबाईंचे हात थरथरायला लागले होते. माझी तर पाचावर धारण बसली. "खड्ड्यात गेली तुमची उतरंड, डायबेटीस आहे त्यांना!" मी मराठीतच ओरडले. त्यातला एकच शब्द सरांना कळला आणि ते झगा सावरत ज्यूस आणायला पळाले.

मी सासूबाईंना शेतकऱ्यांच्या बाकावर आणलं, तर तिथे नवीच पंचाईत. वाट्याच नाहीत! एकच पातेलं आणि सगळे त्यातच पाव बुडवून खातायत. माझा उष्टा चमचा आमटीला लागला तर घर डोक्यावर घेणारी ही बाई. तिने पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बुडवला की हो पाव! शेजारच्या जर्मन आजोबांच्या पावाला घासून. ज्यूस येईपर्यंत पाच वेळा.

घरी आल्यावर पुण्याला फोन लावला. सासऱ्यांनी विचारलं, काय जेवलात? "सूप," सासूबाई म्हणाल्या. पातेल्याबद्दल अवाक्षर नाही. मी तोंड दाबून हसत होते. मग त्या म्हणाल्या, "अहो, कामाच्या मावशींचा तो खिडकीत वेगळा ठेवलेला कप आहे ना, तो फुटला म्हणून सांगा त्यांना. उद्यापासून चहा आपल्या कपात द्या."

"अगं, पण फुटला कधी?"

"फोडा."