गुरुवारपुरती बॅटरी

"पाडा," ती म्हणाली आणि मी मेन स्विच खाली पाडला.

पंखा थांबला. शेजारच्या खोलीतला टीव्ही गप्प झाला. इन्व्हर्टरमधून टक् असा आवाज आला आणि कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं मशीन, अर्धा क्षण थांबलेलं, पुन्हा फुसफुसायला लागलं. ती पलंगावर बसलेली, नाकात नळी, उजवा हात वर. मशीन परत चालू झालं की हात खाली यायचा. मग म्हणायची, "लावा." मी मेन वर करायचो आणि आम्ही चहा घ्यायचो.

दर बुधवारी दुपारी आमचं हे चालायचं. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचं सांगायला नको. दुरुस्तीसाठी म्हणून लाईट जाते, नऊ-दहाला जाते आणि त्यांच्या मर्जीने येते. लोक आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवतात, टाकी भरून ठेवतात. आमच्या घरात गुरुवारी एका बाईला श्वास मिळणार की नाही, हा प्रश्न असायचा. म्हणून बुधवारी तालीम. त्या बुधवारीही केली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. चहात साखर जास्त पडली म्हणून ती मला बोलली, तेही नेहमीसारखंच.

तुमच्यातल्या काही जणांनी तिला पाहिलं असेल. नवनव्या कंपन्यांचा माल दुकानात एकदम यायला लागला त्या काळात कोथरूडला ज्यांनी मिक्सर घेतला, वॉशिंग मशीन घेतलं, त्यांच्या ओट्यापाशी ती येऊन गेलेली असणार. बुटकी बाई, घट्ट अंबाडा, पायात रबरी स्लीपर, खांद्याला कापडी पिशवी. डेमोवाल्या मावशी. मी त्याच दुकानाचा हमाल. फ्रीज पाठीवर घेऊन चार मजले चढायचो. मी वस्तू ठेवून खाली उतरलो की ती वर जायची आणि कशी वापरायची ते दाखवायची. आम्ही नवरा-बायको आहोत हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, हा तिचाच नियम. म्हणायची, तुमच्या घामाकडे बघून माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवील.

तिच्या आधी शेठने एक शिकलेली मुलगी ठेवली होती. ती मशीनबरोबरचं पुस्तक वाचून दाखवायची. बायका माना डोलवायच्या आणि मुलगी गेली की मशीनवर विणलेला रुमाल टाकून ठेवायच्या. वर्षाने घर बदललं की तेच मशीन मी उचलायचो, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नसायचं. मी शेठला सांगितलं, माझी बायको चार घरी पोळ्या करते, चार घरचे मिक्सर चालवते, तिला घ्या. शेठ म्हणाले, शिक्षण किती. मी म्हणालो, माझ्याइतकंच, पण तिला बोलता येतं.

तिची रीत अशी होती की ती स्वतः बटणाला हात लावायची नाही. जार बसवून द्यायची, खोबरं-मिरची आत टाकायची आणि बाजूला सरकून घरच्या बाईला म्हणायची, "दाबा." बाई म्हणायची, आज तुम्हीच दाबा. ही म्हणायची, "उद्या मी येणार नाहीये. दाबा." एक निवृत्त शिक्षिका होत्या. चाळीस वर्षं वर्ग धाकात ठेवलेल्या बाई, पण मिक्सरपुढे डोळे मिटून उभ्या. ही त्यांच्या खांद्याला खांदा लावून पाच मिनिटं उभी राहिली. शेवटी बाईंनी दाबलं. चटणी झाल्यावर म्हणाल्या, एवढंच होय. ही म्हणाली, "एवढंच. झाकण विसरलात तर मात्र भिंतीला रंग काढावा लागेल."

पुढे हिंजवडीला नोकरीला असलेली पोरं-पोरी गिऱ्हाईक झाली. त्यांना डेमो नको असायचा. एका मुलीने दारातच सांगितलं, मावशी, मी मॅन्युअल वाचलंय. हिने आत नजर टाकली आणि म्हणाली, बरं केलंत, आता मायक्रोवेव्हमधली ती स्टीलची वाटी तेवढी बाहेर काढा.

आता जे सांगतो ते शेठलाही माहीत नव्हतं. तिला करंटची भीती होती. सुरुवातीच्याच दिवसांत शनिवार पेठेतल्या एका घरी वॉशिंग मशीन होतं. घरच्यांनी पिन कापून वायरी तशाच सॉकेटात घातलेल्या, वर काड्यापेटीच्या काड्या खोचलेल्या. ओला हात मशीनला लागला आणि ती मागच्या भिंतीवर आदळली. उठली, पदर सारखा केला, त्या बाईला म्हणाली, हे असं करू नका, वायरमन बोलवा. चहा घेतला. खाली टेम्पोत माझ्या शेजारी येऊन बसली आणि दुकान येईपर्यंत दोन्ही हातांनी दार धरून होती. मी म्हणालो, सोड हे काम. ती म्हणाली, शेठला सांगितलंत तर बघा. त्यानंतर चौदा वर्षं ती लोकांच्या घरात जाऊन भिऊ नका म्हणून सांगत होती, आणि दर वेळी जिना चढायच्या आधी टेम्पोच्या दाराला दोन मिनिटं धरून उभी राहायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, दम खातेय.

पुढे खरंच दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आकसत चालली आहेत, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, दिवस-रात्र लावा. धायरीच्या आमच्या दोन खोल्यांत ते मशीन आलं. कंपनीचा मुलगा डेमो द्यायला आला, तोंड मशीनकडे आणि पाठ आमच्याकडे. तिने त्याला थांबवलं. "बाळा, इकडे बघून बोल. घाबरलेला माणूस इकडे बसलाय," म्हणाली आणि बोट माझ्याकडे केलं.

खोटं नाही. तोवर मी कधी कशाला घाबरलो नव्हतो. टेम्पो कात्रजच्या उतारावर ब्रेक फेल होऊन सुटला तेव्हासुद्धा नाही. पण त्या मशीनचा आवाज घरात आला आणि मी रात्री दोन-दोनदा उठून नळी तपासायला लागलो.

इन्व्हर्टर घ्यायला आम्ही आमच्याच जुन्या दुकानात गेलो. आता त्याची शोरूम झालेली, आत गारेगार, शेठ वारलेले, गळ्यात टाय बांधलेली पोरं. आम्हाला कोणी ओळखलं नाही. एक पोरगा म्हणाला, काका, टेन्शन नका घेऊ, चार तास आरामात. तिने विचारलं, कशावर चार तास. तो म्हणाला, तीन पंखे, चार ट्यूब, एक टीव्ही. "मला पंखा नको, श्वास पाहिजे," ती म्हणाली. "माझं मशीन लावून दाखवा." तो म्हणाला, असा डेमो नसतो मावशी. ती म्हणाली, या दुकानाचे डेमो मीच दिलेत. आवाज ऐकून शेठचा मुलगा काचेच्या खोलीतून बाहेर आला. लहान असताना हिच्या हातची चटणी खाल्लेला. त्याने उद्या या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मशीन रिक्षात घातलं. तेव्हा ती नळीशिवाय तासभर काढू शकायची, शांत बसली तर. सिंहगड रस्त्याला गाड्या तुंबलेल्या. दुसऱ्या सिग्नलला तिचे ओठ मला काळपट दिसायला लागले. मी रिक्षावाल्याला शिव्या दिल्या, पुढच्या बसला दिल्या. ती डोळे मिटून एका हाताने मशीन धरून बसली होती, मशीन पडेल म्हणून.

शोरूममध्ये वॉशिंग मशिनींच्या रांगेत तिला खुर्ची दिली. नळी लावली. पोराने इन्व्हर्टरची पिन भिंतीतून काढली आणि मी घड्याळ बघितलं. भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर एकच मॅच चालू. पहिला तास तर ती रंगात होती. एक जोडपं मिक्सर बघत होतं, त्यांना बसल्या जागेवरून म्हणाली, तो जार जड आहे, रोज धुताना मनगट दुखेल, शेजारचा घ्या. टायवाल्या पोराचं तोंड बघण्यासारखं झालं.

अडीच तासांनी इन्व्हर्टर ओरडायला लागला. पोराने लगेच पिन भिंतीत घालायला हात पुढे केला. तिने त्याला अडवलं. "थांब. ओरडायला लागल्यापासून किती वेळ देतो ते मला कळू दे."

मी म्हणालो, बस झालं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, त्यांना वाटत होतं कुठलंतरी खेळणं वाजतंय. अकरा मिनिटं गेली. मग मशीन बंद पडलं आणि त्याचा स्वतःचा भोंगा सुरू झाला. सगळी शोरूम वळून बघायला लागली. ती नाकात रिकामी नळी घेऊन ताठ बसली होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. मला पुढचं नीट आठवत नाही. मी त्या पोराला ढकललं, पिन भिंतीच्या सॉकेटात घातली, पहिल्यांदा बसली नाही, दुसऱ्यांदा बसली. मशीन फुसफुसलं.

थोड्या वेळाने तिला बोलता आलं तेव्हा ती म्हणाली, "दोन बॅटऱ्या लागतील."

मी बाहेर जाऊन पार्किंगमध्ये ओकलो. तिला सांगितलं, उसाचा रस बाधला.

दोन बॅटऱ्या घेतल्या. गुरुवार निघायला लागले, पण माझी भीती निघेना. भाजी आणायला जायचो तरी कान गिरणीकडे. आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. ती चालू असली की लाईट आहे. एकदा मेथी घेत होतो आणि गिरणी थांबली. जुडी तिथेच टाकून मी पळालो. या वयात, धोतर आवरत. दार ढकललं तर ती शांतपणे शेंगा सोलत बसलेली, मशीन चालू, वर पंखाही चालू. लाईट गेलीच नव्हती. गिरणीवाला पट्टा बदलत होता.

मी दारातच बसलो. तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "एक सांगू का. मला त्या मशीनची भीती वाटत नाही आता. तुमच्या तोंडाकडे बघितलं की वाटते. तुम्ही जरा तिकडे बघत जा ना."

मी म्हणालो, बरं. त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून बसायचो आणि कानाने तिला बघायचो. तिला ते कळत असणार.

त्या बुधवारी तालीम झाली, चहा झाला. ती म्हणाली, पडते जरा. मी कप धुतले. गॅसचा ओटा पुसला. मशीनचा आवाज एकसारखा येत होता, म्हणून मी घाई केली नाही. कोथिंबीर निवडून ठेवली. साडेचारला उठवायला गेलो, तर ती उठली नाही.

मशीन चालू होतं. लाईट होती. बॅटऱ्या भरलेल्या होत्या, इन्व्हर्टरवर हिरवा दिवा होता. गिरणीसुद्धा चालू होती. मी ज्याला आठ महिने भीत होतो, त्यातलं काहीच झालं नव्हतं.

मुलगा कात्रजहून मोटरसायकलवर आला. माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, विद्युतदाहिनीत लवकर होईल. मी म्हणालो, विजेवर नको. मुलगा म्हणाला, बाबा, आता काय फरक पडतो. मी म्हणालो, तुला माहीत नाही, लाकडं घे. सगळ्यांना वाटलं, म्हातारा जुन्या वळणाचा आहे. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गावाकडून पहाटेच तिची बहीण आली होती. शेजारणींनी पिठलं-भात आणून ठेवला होता. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. दहाच्या सुमाराला लाईट गेली. इन्व्हर्टरने टक् केलं आणि मी उठून उभा राहिलो. मग कशाला उठलो ते लक्षात आलं, आणि तसाच उभा राहिलो.

एप्रिलचं ऊन होतं, वर पत्रा. बहीण पदराने मान पुसत होती. सूनबाई हळूच म्हणाली, बाबा, इन्व्हर्टर आहे ना आपल्याकडे, मग पंखा का नाही त्यावर. मी त्यावर कधी साधा बल्बसुद्धा लावू दिला नव्हता. मोबाईल चार्ज करायला मागितला म्हणून मुलाशी भांडलो होतो.

माळ्यावरून टेबलफॅन काढला. ओल्या फडक्याने त्याची पाती पुसली. मग मशीनची पिन काढली. आठ महिने एका जागी बसलेली, सुटता सुटेना, दोन्ही हातांनी ओढावी लागली. तिथे फॅन लावला आणि त्याचं तोंड बायकांकडे केलं.

बहिणीने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने म्हणाली, दाजी, किती वेळ चालेल हा?

पंख्यावर त्या बॅटऱ्या किती चालतात, ते आम्ही कधी लावून बघितलं नव्हतं.