पुढे चालत लावलेलं भात

भिकाजी गोताडांना सिनेमातलं काय कळतं, असं विचारणारे रत्नागिरीत पुष्कळ आहेत. आधी मीही त्यांतलीच होते. मी रेणुका. इथल्या एका साप्ताहिकात मजकूर टाइप करते, लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ निस्तरते, आणि त्याबद्दल आजवर कुणी आभार मानल्याचं मला आठवत नाही. गोताडकाका मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फिटर आहेत. दर नोव्हेंबरात आठ दिवसांची रजा टाकून ते गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला जातात, दिवसाला चार-चार सिनेमे बघतात, आणि परत आले की आमच्याकडे त्यांचा कागद येतो: 'यंदाचे माझे आवडते दहा'. एकोणीस वर्षं हे चाललंय.

त्यांची पद्धत अशी की ते माणसांचे हात बघतात. पडद्यावरच्या बाईला कणीक मळता येते का, सुताराने रंधा कुठून धरलाय, कोळ्याने जाळं खांद्यावर कसं घेतलंय. काम खरं असेल तर सिनेमा यादीत, नाहीतर दिग्दर्शक कितीही मोठा असो, बाद. खाली इंग्रजी अक्षरं येतात ती काका वाचतच नाहीत. "अक्षरं वाचत बसलो तर हात निसटतात," म्हणतात. त्यामुळे गोष्टीचा कधीकधी पार बोऱ्या वाजतो. एकदा त्यांनी एका बाईच्या भावाला तिचा नवरा करून टाकलं. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्यावर दोन पानी पत्र पाठवलं. काकांचं उत्तर एका ओळीचं: नवरा असो की भाऊ, लाकडं त्याने नीट फोडली. आम्ही दोन्ही छापलं.

गेल्या वर्षी मात्र यादी नेहमीसारखी सरळ निघाली नाही. संगमेश्वराच्या आतल्या बाजूला काकांच्या थोरल्या बहिणीचं सासर आहे. तिथे एक पुण्याचा दिग्दर्शक दोन पावसाळे राहून सिनेमा करून गेला, आणि तो महोत्सवात लागला. त्यात भात लावणाऱ्या बारा बाया आहेत आणि सगळ्यांत पुढे ही बहीण, मथुराबाय, वय अडुसष्ट. गावात लावणीची पहिली ओळ धरायला तिलाच बोलावतात. तिची ओळ बघून बाकीच्या लावतात. एवढाच काय तो तिचा मान, पण तो चाळीस वर्षांचा. भिकू आता माझ्याबद्दल लिहिणार, असं तिने वाडीभर सांगून ठेवलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काका कागद घेऊन आले. मंगोलियातली घोडी दोहणारी बाई पहिली, मग पोर्तुगालचा होड्यांना डांबर फासणारा म्हातारा, तिसरा कुठल्याशा डोंगरातला पाववाला. मी दहाही वाचले, वर कागद उलटा करूनही पाहिला.

"बायचा सिनेमा कुठाय?" मी विचारलं.

काका चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "त्यात भात पुढे चालत लावलंय."

मी शहरात वाढलेली, माझ्या डोक्यात काही शिरेना. तेव्हा काका उठले, वाकले आणि ऑफिसच्या फरशीवर त्यांनी लावून दाखवलं. लावणी मागे मागे सरत करतात. रोपांची मूठ डाव्या हातात, उजव्याने चार काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे. पुढे चाललं तर आत्ता लावलेलं आपल्याच पायाखाली. सिनेमात बाराही बाया हसत हसत कॅमेऱ्याकडे येत होत्या आणि सबंध खाचर तुडवत होत्या.

"मग तसं लिहा की."

"सख्ख्या बहिणीला? आणि छापून?" काका म्हणाले. "त्यापेक्षा नाव नको. गप्प बसलं की कुणाला लागत नाही."

मला ते पटलं नव्हतं. तरी मी दहाच्या दहा टाइप केले आणि पान छपाईला सोडून दिलं.

गप्प बसलेलंच लागलं. अंक वाडीत पोचला आणि भावानेच बहिणीला नापास केलं, अशी गंमत सुरू झाली. भिकूला हात कळतात, म्हणजे मथुराचेच हात गेले. येत्या आषाढात पहिली ओळ दुसऱ्या कुणाला देऊ या, असंही एकीने हसता हसता बोलून घेतलं.

पंधरा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मथुराबाय एसटीने थेट आमच्या ऑफिसात आली. हातात घडी केलेला अंक. खुर्चीवर बसली, पाणी प्याली आणि मला म्हणाली, "भिकूला बोलव." मी फोन केला. काका अर्धी रजा टाकून आले. सिनेमाखेरीज कशासाठी त्यांनी रजा टाकल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"माला लावनी येते का नाय?" तिने विचारलं.

"येते."

"मंग लिवलंस का नाय?"

"बाय, तू पुढं चालत आलीस. मी बघितलं."

"आली ती आली. त्येला तीन वेळा सांगितलं, बाबा, असं लावत नाय कोन. तो बोलला, आजी, मागं गेलात तर पाठ दिसते, तोंड कुठाय? चवथ्या टायमाला मी बोलली, तुजा शिणेमा, तुजी मर्जी."

काका खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"तू त्येचा शिणेमा पास करू नको. माजं काय म्हननं नाय. पन बाईला येत व्हतं, येवडं लिवायला तुजं काय जात व्हतं? आता त्या बाया माला लावनी शिकवतायत."

तिचा आवाज चढला नव्हता. हातातला अंक तिने माझ्या टेबलावर ठेवला. मला काकांचा राग आला आणि माझी स्वतःची लाज वाटली. यादी मीच टाइप केली होती.

मग जाता जाता सांगावं तसं तिने सांगितलं, की शूटिंगवाले सामान भरून गेल्यावर ते तुडवलेलं सगळं परत लावलं, मागे सरत, काळोख पडेस्तवर. "ती रोपं काय शिणेम्यातली नव्हती. खायची व्हती."

काकांनी माझ्यापुढचा कोरा कागद ओढला. अर्धा तास लिहीत होते, खोडत होते. मग त्यांनी वाचून दाखवलं.

'अकरावा. हा सिनेमा महोत्सवात नव्हता, कारण तो कुणी काढलाच नाही. कॅमेरा निघून गेल्यावर माझी बहीण मथुरा त्या खाचरात एकटी, मागे सरत, तुडवलेलं भात पुन्हा लावते. तिला लावणी येते. दिग्दर्शकाला येत नव्हती. मला हे माहीत होतं आणि मी लिहिलं नाही, ही माझी चूक.'

बायने मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं, आता रडते की काय.

"येकटी कशी?" ती म्हणाली. "चंपा व्हती की संगं, शिणेम्यात माज्या बाजूलाच हाय ती. येवडं खाचर येकटीनं व्हतंय? तिलाबी लोकं हसतायत."

काकांनी 'एकटी' खोडलं आणि चंपाचं नाव बायच्या नावाआधी घातलं.