राणीची पिल्लं

आचऱ्यापासून देवबागपर्यंतच्या किनाऱ्यावर जेवढी म्हणून महागडी कुत्री धापा टाकत पडलेली दिसतील, त्या सगळ्यांच्या जन्माला माझ्या बायकोचे मामा जबाबदार आहेत, असं मी कोर्टात शपथेवर सांगेन. मामांनी आधी हापूसच्या पेट्या विकल्या, मग पर्यटकांना खोल्या दिल्या. दोन्हीकडे गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं, हे लक्षात आल्यावर त्यांनी ज्याला स्वतःची तक्रार सांगताच येत नाही असा माल निवडला. पिल्लं ते आंब्याच्याच रिकाम्या पेटीत, त्याच पेंढ्यावर मांडून ठेवत आणि गिऱ्हाइकाला आधी लांबून बघायला लावत. एकदा कुठूनसा त्यांनी बर्फाळ मुलखातला एक झुबकेदार हस्की पैदा केला. मे महिन्यात तो मरणाला टेकला, तेव्हा बंदरावरून मासळीचा बर्फ आणून त्याला त्यावर झोपवला. कुत्रा वाचला, पण अंगाला बांगड्याचा असा वास लागला की पंधरा दिवस गावातली मांजरं त्याच्या मागे मागे फिरत होती.

धंद्याचं खरं भांडवल मात्र एकच, राणी. सोनेरी रंगाची लॅब्रेडोर, स्वभावाने इतकी गरीब की चोर आला तर त्याला स्वयंपाकघर दाखवेल. गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, त्या बेताने राणीची बाळंतपणं मामा जुळवत. पिल्लांच्या वडिलांविषयी ते फार खोलात शिरत नसत. खानदान विचारलं, की तुमच्या तरी खापरपणजोबांचं नाव सांगा, म्हणत.

आता मामांचा दुसरा गुण सांगायला हवा. आमच्याकडे शुभकार्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. या कामात मामांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. साध्या माणसाशी बोलताना ते वाक्यागणिक एक थाप मारतात, पण गाऱ्हाण्यात घातलेला शब्द मोडायची त्यांची छाती नाही. आणि घोटाळा झाला तो इथेच. प्रत्येक पिल्लू विकताना, गिऱ्हाइकाला भारून टाकायला म्हणून, ते अंगणात तुळशीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. "बा देवा म्हाराजा, ह्यां लेकरू आज मुंबयक जाता हा, तेका सुखी ठेव रे म्हाराजा! आणि कधी तेचा कोण नाय ऱ्हवला, तर ह्या घराचो दरवाजो तेका कायम उघडो आसा रे म्हाराजा!" गिऱ्हाईक भक्तिभावाने "व्हय म्हाराजा" म्हणे आणि पेटी गाडीत ठेवून निघून जाई.

मुंबईकर मोठे धार्मिक. पिल्लू वाढलं, सोफा फाडला, लिफ्टमध्ये शेजारीण किंचाळली, की त्यांना मामांचं गाऱ्हाणं शब्द न् शब्द आठवायचं. पहिला कुत्रा परत आला तेव्हा मामा हो-ना करायला लागले. मामी ओसरीवरूनच म्हणाल्या, "तुमीच देवाक सांगितल्यात ना? मगे आता घेवा तेका आत." दोन वर्षांत अशी सात धुडं जमली. तिसरं धूड माझं होतं. माझी बदली झाली, फ्लॅट लहान होता, मुलीची परीक्षा होती, अशी तीन कारणं मी सांगितली. त्यातलं एक खरं होतं.

सात कुत्र्यांना भात घालता घालता मामा टेकीला आले आणि गणपतीसाठी त्यांनी राणीचं आणखी एक वेत काढायचं ठरवलं. जनावरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की तिच्यात आता जीव उरलेला नाही, या खेपेला ती जाईल. मामी नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. मी मात्र, लाज सोडून सांगतो, मामांच्या बाजूने होतो. मुलीला पुन्हा पिल्लू हवं होतं, या वेळी जरा लहान चणीचं.

जागा करायला म्हणून सातही जणांना टेम्पोत भरून मामा आणि मी कुडाळच्या बाजूला गेलो. तिथे एका निवृत्त शिक्षिकेने टाकलेल्या कुत्र्यांसाठी निवारा काढला आहे. या बाईंची मामा गावभर टर उडवत. कुत्रा फुकट देते आणि वर नेणाऱ्याचीच तोंडी परीक्षा घेते, असला धंदा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बाईंनी शांतपणे सात कागद पुढे ठेवले. कुत्र्याचं नाव, वय, आईचं नाव. मामा लिहायला बसले. पहिल्या कागदावर आईचं नाव राणी. दुसऱ्यावर राणी. चौथ्या कागदाला हात जरा मंदावला. सातवा लिहून झाल्यावर बाईंनी विचारलं, "हिची आणखी किती असतील बाहेर?"

मामा बोटांवर मोजायला लागले. दोन्ही हातांची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि मध्येच थांबले. मग सातही कागद घडी करून खिशात घातले, कुत्री पुन्हा टेम्पोत चढवली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतः नेऊन राणीचं ऑपरेशन करून आणलं. घरात पिल्लं बंद.

मला वाटलं, ही स्मशानवैराग्याची लहर आहे, उतरेल. म्हणून गणपतीला गेलो तेव्हा मुलीच्या पिल्लाचं पुन्हा काढलंच. एकदा शेवटचं वेत काढलं असतं तर काय बिघडलं असतं, असंही बोलून गेलो. मामा चिडले नाहीत. मला वाटतं, मला तेच जास्त लागलं. ओसरीवर त्यांच्या जुन्या सदऱ्यावर राणी पाय ताणून झोपली होती. पोट भातापुरतंच वाढलेलं, श्वास संथ. मामांनी तिच्या अंगावरची माशी हाकलली.

"जावयबापू," ते हळू आवाजात म्हणाले, "तिका आता कोणाक काय देवचा नाय."