टाइमलाइनवरचं वावर

या सदरातले अनुभव मी आजवर जेवता जेवता करमणूक म्हणून वाचत आले. पांढरी साडी, बंद खोलीतला आवाज... वाचायचं आणि म्हणायचं, यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत! आता मीच लिहायला बसलेय. तुम्ही माझ्याबद्दल तेच म्हणालात तर माझी काही तक्रार नाही.

मी ई-लर्निंगचे धडे बनवते. स्क्रीनवरच्या वस्तू हलवणं हाच माझा धंदा. बेडूक उडी मारतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरते, अपूर्णांकाच्या पोळीचे चार तुकडे होतात — हे सगळं माझ्यासारखं कुणीतरी माउस धरून करत बसलेलं असतं. काम घरून चालतं. म्हणून आईला पॅरालिसिसचा झटका आल्यावर मी पुण्याहून लॅपटॉप उचलला आणि वाशिम जिल्ह्यात, मेडशीला, माहेरी येऊन राहिले.

आई वाचली. हळूहळू चालायलाही लागली. बोलणं जरा जड, पण स्पष्ट. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा. फिजिओथेरपीचे डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचे हे महिने महत्त्वाचे आहेत, व्यायाम करून घ्या, नाहीतर हात परत येणं अवघड होत जाईल. आणि आमची आई व्यायामच करेना! मऊ चेंडू हातात दिला की डाव्या हातानं काढून बाजूला ठेवायची.

"गेला थो हात. कायले त्याच्या मांगं लागून राह्यली तू?"

मला तिची काळजी वाटायची आणि तिचा रागही यायचा, दोन्ही एकदम.

मग डॉक्टरांनीच सुचवलं, आईंच्या ओळखीची एखादी हालचाल त्यांना डोळ्यांसमोर दाखवून बघा. ओळखीची म्हटल्यावर मला विचारच करावा लागला नाही. आईनं आयुष्यभर सरतं धरलं. बैलांच्या तिफणीमागं दोरीनं बांधलेली बांबूची नळी, वर वाटीसारखं तोंड — ते सरतं. सोयाबीनमध्ये तुरीची ओळ टाकायची असली की एक बाई मागून चालते आणि मुठीतले दाणे त्यात सोडत जाते. आता आमच्याकडे पेरणी ट्रॅक्टरनं होते, पण आईसारखं सरतं गावात कुणी धरलं नाही, असं बाबा अजून सांगतात.

मी स्क्रीनवर एक मूठ काढली, खाली सरतं काढलं आणि दाणे पाडायला सुरुवात केली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक टाइमलाइन असते आणि तिच्यावर कीफ्रेम — म्हणजे कोणत्या क्षणी वस्तू कुठे असावी याच्या आपण मारलेल्या खुणा. एक दाणा नीट केला आणि तीन मिनिटं भरेपर्यंत कॉपी-पेस्ट करत गेले. सगळ्यांत अगदी सारखं अंतर. दुपारी चहा झाल्यावर आईसमोर लॅपटॉप ठेवला.

तिनं जेमतेम दहा दाणे पाहिले असतील. "असं कोनी पेरते काय वं? मशीन हाय काय ते? बंद कर."

मी चिडून लॅपटॉप बंद केला आणि कपाटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर दाणे सारखे पडत नव्हते. थोडे भराभर पडायचे, मग जरा रेंगाळायचे... मध्ये एके ठिकाणी मूठ बंदच राहायची, मग पुन्हा सुरू. टाइमलाइन बघितली तर कीफ्रेम सरकलेल्या. एखाददुसरी नाही — सगळ्या! फाइल सेव्ह झाल्याची वेळ मात्र आदल्या दुपारचीच. वाटलं, रागाच्या भरात आपल्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल. पुन्हा बसून सगळी अंतरं सारखी केली, सेव्ह केलं, एक प्रत पेनड्राइव्हवर टाकली. पासवर्ड फक्त मला माहीत. बाबांची मजल व्हॉट्सॲपवर फुलं पाठवण्यापर्यंतच.

तिसऱ्या दिवशी फाइल पुन्हा तशीच. पेनड्राइव्हवरचीसुद्धा... अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

मी ती पुसूनच टाकणार होते. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "थांब. चालू राहू दे."

ती माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ बघत राहिली.

"आता बराबर हाय. कोनं सांगतलं तुले?"

"काय सांगतलं?"

"हेच. इथं पळसापाशी गोटे हायेत ना आपल्या वावरात, तिथं तिफन उचला लागते. मंग मूठ बंद. आन हे मोठं थांबनं हाय ना, तवा धुऱ्यावर बैल वळले."

वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे बांध. ती हे मला सांगत होती, पण नजर स्क्रीनवरच होती. मी सहज खाली पाहिलं. मांडीवर पडलेल्या उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत होता. अगदी थोडासा. दाणा पडला की अंगठा पुढे. गोटे आले की अंगठा थांबायचा.

मी बाबांना अशी हाक मारली की ते हातातला तांब्या टाकून धावत आले.

बाबा तसे पक्के माणूस. रडून झाल्यावर म्हणाले, "तपासून पाहू." मी तो व्हिडिओ त्यांच्या मोबाईलवर टाकून दिला. तूर निघून गेलेली, वावर रिकामं. पश्चिमेच्या धुऱ्यावरून मोबाईल समोर धरून बाबा बैलांच्या चालीनं निघाले आणि मी मागं. मूठ बंद झाली तेव्हा बाबांचा पाय पळसाजवळच्या गोट्यांवर होता. मोठं थांबणं आलं तेव्हा पुढं वावरच उरलं नव्हतं, समोर धुरा.

"अवं माय..." म्हणत बाबा तिथंच मातीत बसले.

कामाच्या ग्रुपवर मी सगळ्यांना विचारलं. कुणी म्हणालं ऑटोसेव्ह, कुणी म्हणालं फाइल करप्ट झाली. करप्ट फाइल उघडत नाही हो, ती वावराची मापं घेत नाही! एकीनं लिहिलं, लहानपणीची चाल तुझ्या डोक्यात असेल, तूच नकळत केलंस. पण मी तिफणीमागं एकदाही चाललेले नाही. पेरणी आली की अभ्यासाचं निमित्त काढून घरात बसायचे, याची आज लाज वाटते. त्यानंतर ती फाइल पुन्हा कधी बदलली नाही. ते कुणी केलं, कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

आई मात्र रोज स्वतःहून म्हणायला लागली, "लाव थे." अंगठ्यानंतर बोटं हलली, मग मनगट. डॉक्टर म्हणतात हे व्यायामाचं यश आहे. असेलही.

गेल्या आठवड्यात मी तिला चिडवलं, "पाह्य आई, तुह्यापेक्षा माही पेरनी बरी. एक दाना वाया नाही गेला."

तिनं हात उचलला. उजवा. आणि माझ्या पाठीत धपाटा घातला... धपाटा कसला, हात नुसता येऊन पडला. मला रडूच कोसळलं.

बाबा दारातून घाबरून विचारत होते, "जोरात लागलं काय वं?"

"हो बाबा," मी म्हटलं, "लय जोरात."