ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर गेला

मंडळी, आज दुकान लवकर बंद केलं. मन लागेना.

महाडात मी ऑनलाइन फॉर्म भरून देते. दुपारी चारला वरंधची एक मुलगी आईबरोबर धावत आली. सीईटीला छान मार्क. नोंदणी केली म्हणजे मार्क आपोआप कॉलेजांकडे जातात, असं घरात सगळे धरून बसलेले. कॉलेजं आपणच निवडून फॉर्म पक्का करायचा असतो, हे तिला मैत्रिणीकडून आज कळलं. मुदत आज पाचपर्यंत.

फॉर्म भरला. पक्का करायला ओटीपी लागतो, तो गेला वडिलांच्या मोबाईलवर. वडील एमआयडीसीत, केमिकल प्लांटमध्ये सेकंड शिफ्टला. तिथे मोबाईल गेटवर जमा करतात.

गेटवर फोन लावला. वॉचमन म्हणाला, "निरोप पाठवतो, पण माणूस बाहेर यायला वेळ लागंल."

आई सारखी म्हणत होती, "कायतरी कर गो ताय."

पाच वाजून चार मिनिटांनी वडिलांचा फोन आला. "नंबर आलाय बघ. सांगू काय?"

मुलगी म्हणाली, "नको बाबा, झालं काम. तुम्ही जावा आत."

आता पुढच्या फेरीत उरतील त्या जागा.

नोंदणीही माझ्याच दुकानात झाली होती. तेव्हा तिने स्वतःचाच नंबर सांगितला होता. मीच म्हणाले होते, "पोरीचा नंबर कशाला गो? वडिलांचा दे." सगळ्याच मुलींना मी हेच सांगते.

तुमच्या मुलीच्या फॉर्मवर कुणाचा नंबर आहे?